जर्मनीला शिकायला येताना आणलेलं सामान: हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी मास्टर्ससाठी सांगलीहून आखेनला आले. हिवाळी सेमिस्टर संपलं, उन्हाळी सुरू झालं. बॅगेतल्या कुठल्या वस्तूने किती साथ दिली, हे आता खात्रीने सांगता येईल. यंदा निघणाऱ्यांच्या घरी याद्या सुरू झाल्या असतील, म्हणून लिहिते आहे.

पहिला नंबर तीन लिटरच्या प्रेशर कुकरचा. इथल्या दुकानांतले कुकर महाग, आणि बहुतेकांना शिट्टी नसते. मात्र घेताना बूड बघा. होस्टेलच्या शेगड्या बहुधा सपाट काचेच्या असतात. काहींच्या काचेखाली तापणारी कॉइल असते, काही इंडक्शनच्या. कॉइलवर ॲल्युमिनियम चालतं, इंडक्शनवर नाही. कुठली वाट्याला येईल ते आधी कळत नाही, म्हणून इंडक्शन बेसचा स्टीलचा कुकर घ्या आणि दुकानातच बुडाला लोहचुंबक लावून पाहा. गोल बुडाची कढई घरीच राहू दे. कॉइलची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. तिसऱ्या शिट्टीला नुसतं बटण फिरवलं तर चौथी, पाचवीही होते आणि भाताचा गिचका होतो. कुकर जपून बाजूला सरकवायचा. जादाची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आणाच. माझी रिंग जानेवारीत सैल पडली, दुसरी जवळ होती म्हणून वरणभात थांबला नाही.

आता खाण्याचं. डाळ-तांदळात वजन घालवू नका. तूरडाळ, पोहे, मोहरी, हिंग, सगळं इथल्या आशियाई दुकानांत मिळतं. मला मिळालं नाही ते गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी. आईने भाजणी पाव-पाव किलोच्या पिशव्यांत भरून दिली होती. फेब्रुवारीत परीक्षेच्या दिवसांत अंधार पडल्यावर लायब्ररीतून परत यायचं, कांदा चिरायचा, सपाट तव्यावर थालीपीठ थापायचं, भोकांत तेल सोडायचं. दहा मिनिटांत जेवण. माझ्या अख्ख्या बॅगेत याहून मोलाचं काही नव्हतं. पुढच्या खेपेला भाजणी दुप्पट आणणार आहे.

तूप, पेढे, खवा मात्र आणू नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून सामानात दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टम्सवाले काढून घेतात. ताजा कढीपत्ताही चालत नाही. तूप इथे सहज कढवता येतं: बिनमिठाचं लोणी 250 ग्रॅमच्या वडीत मिळतं, त्यातलं आंबवलेल्या सायीचं निवडा, वास घरच्यासारखा येतो. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा. झोपायच्या खोलीत धुराचा अलार्म कायद्याने लागतो. खोलीतच स्वयंपाकाचा ओटा असेल तर मिरची तडतडली की तो हमखास वाजतो.

विजेचं सोपं आहे. व्होल्टेज आपल्यासारखंच, 230. फरक फक्त सॉकेटचा. आपली तीन पिनांची प्लग इथे बसत नाही. ऑनलाइन मागवलेला ‘सगळ्या देशांत चालणारा’ अडॅप्टर महिनाभरात सैल झाला आणि लॅपटॉप मध्येच चार्जिंग सोडायला लागला. त्यापेक्षा फक्त जर्मन सॉकेटचा साधा, जाड, अर्थिंगवाला अडॅप्टर आणि भारतातला एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड ही जोडी पुरते. बोर्ड बहुधा 6 अँपिअरचा असतो, म्हणजे साधारण 1,400 वॅट. त्यावर किटली किंवा हीटर लावू नका.

अंथरुणात आपली सिंगल चादर 90 सेंटिमीटर रुंद पलंगावर व्यवस्थित बसते. अभ्रे मात्र अजून कपाटात पडून आहेत, कारण इथली नेहमीची उशी 80 बाय 80 सेंटिमीटरची, चौकोनी. जाड कोट आणू नका. बॅगेत अर्धी जागा खातो आणि इथल्या ओल्या वाऱ्याला पुरत नाही. मी इथेच जुना, पाऊस अडवणारा घेतला. थर्मल्स आणि लोकरीचे मोजे मात्र भारतातून आणलेलेच रोज वापरले.

चष्मा असेल तर दुसरा जोड आणि नंबरचा कागद आणा. नेहमीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या, अँटिबायोटिक इथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आणि मूळ कागदपत्रं हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नको.