कोल्हापूर, आईच्या चालीनं

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चौदा महिने झालेत. सपाट रस्त्यावर ती छान चालते, पण पायऱ्या दिसल्या की आधी कठडा शोधते. तिला घेऊन फेब्रुवारीत कोल्हापूरला जाऊन आले, शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ. निघण्याआधी 'दोन दिवसांत कोल्हापूर' म्हणून जे जे वाचलं, त्यात अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, कणेरी मठ असं सगळं कोंबलेलं होतं. एवढं करायचं तर निम्मा वेळ गाडीतच जातो आणि म्हातारं माणूस रात्री पाय चेपत बसतं. आम्ही शहराबाहेर गेलोच नाही. अर्ध्या दिवसात एकच ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी कुठल्यातरी कट्ट्यावर बसणं. हे शहर असंच बघावं, असं आता मी प्रत्येकाला सांगते.

आईची मावशी शिवाजी पेठेत राहायची आणि लहानपणीचा अख्खा मे महिना आई तिच्याकडे असायची. मावशी गेली, घर विकलं गेलं. त्यामुळे ज्या गावात कधी पैसे देऊन राहावं लागलं नव्हतं तिथे लॉज शोधायचा, हे तिच्या जरा जिवावर आलं होतं.

पुण्याहून जाताना वंदे भारत घेतली. आठवड्यातून तीनच दिवस असते, म्हणून वार बघून सुट्टी टाका. महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे गाडीने जाणारे सध्या वळणावळणांवर ताटकळतात, तेव्हा रेल्वेच बरी. मुक्कामाचा पहिला अनुभव मात्र वाईट. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात 'लिफ्ट आहे' हे फोनवर दोनदा विचारून खोली घेतली होती. पोचलो तर लिफ्ट बंद, खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "दोनच तर मजले हायत." आई एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत वर गेली. मला इतका राग आला की रात्री झोप नाही. सकाळी सामान उचलून भाऊसिंगजी रोडच्या आतल्या एका गल्लीत तळमजल्याची साधी खोली घेतली. पंखा, गरम पाणी, दारात ऊन खायला बाकडं. टीव्ही नव्हता, पण देऊळ, भवानी मंडप, गुजरीचा सराफ बाजार, चप्पल लाईन सगळं पायी. कोल्हापुरात आरामात राहायचं असेल तर जुन्या गावातच राहा, आणि ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर तळमजलाच मागा.

अंबाबाईला आम्ही पहाटे साडेपाचला गेलो. शनिवार-रविवारी नऊ वाजले की रांग कुठल्या कुठे जाते. किरणोत्सव होऊन गेला होता. देवी पश्चिमाभिमुख आहे, आणि नोव्हेंबरात ९ ते ११ तारखेला अन् पुढे ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, चरणांपासून चढत चेहऱ्यापर्यंत जातात. तेव्हाच जायचं असेल तर गर्दी धरूनच जा. आम्हाला गर्दी नको होती. दर्शन झाल्यावर देवळाच्या बाहेरच्या भिंतीजवळ आलो. काळ्या दगडातल्या वादक आणि नर्तकींच्या मूर्तींवरून आई हात न लावता, बोटभर अंतर ठेवून बोट फिरवत होती. "ही बघ, हिचं पैंजण सुटलंय." मी इतक्या वेळा तिथे गेले, पण भिंतीकडे कधी मान वळवली नव्हती.

नंतर मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड देतात आणि कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा वाढतात. पाव मागू नका, स्लाइस कटात जास्त मुरतो.

शनिवार दुपारनंतर टाउन हॉलचं संग्रहालय. १८७०च्या दशकातली, ब्रिटिश वास्तुविशारद चार्ल्स मँटची इमारत, सीपीआर दवाखान्यासमोर, भोवती मोठाली झाडं. सोमवारी बंद असतं. इथे ज्या वस्तूसाठी जायचं ती वीतभरही उंच नाही : समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं, त्यात रोमन वस्तूंबरोबर ती सापडली. समुद्र इथून सह्याद्री उतरून पलीकडे, आणि तरी दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून तो समुद्राचा देव घाट चढून आला. एक हात वर उचललेला, त्यातला त्रिशूळ कधीच गळून गेलेला. तिथल्या कर्मचाऱ्याने न मागता आईला खुर्ची आणून दिली आणि ती पंधरा मिनिटं त्या मूर्तीसमोर बसली. "काठी हरवलीय बिचाऱ्याची," म्हणाली.

न्यू पॅलेसही मँटचाच. १८७७ साली काम सुरू झालं, १८८४ला संपलं, आणि तो स्वतः १८८१मध्येच वारला. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवरायांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. रविवारी सकाळचं ऊन त्यांतून आत येत होतं तेव्हा मी दोन पावलं मागे सरून नुसती बघत राहिले. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे सगळे डोळ्यांनीच बघतात, हे मला फार आवडलं. पेंढा भरलेल्या जनावरांच्या दालनातून आम्ही भरभर बाहेर पडलो. तासाभरात पुरे होतं.

मटण रविवारवर ठेवलं होतं, शनिवारी आई खात नाही. पेठेतल्या एका खानावळीत तांबडा-पांढरा. पांढरा रस्सा आधी वाटीने प्यायचा, कोमट असतानाच. नारळाच्या दुधात उतरलेलं मटणाचं पाणी आणि मिऱ्याचा हलका चटका. तांबडा दिसतो तेवढा जाळत नाही. वाढणाऱ्या मामांनी आईला विचारलं, "आजी, अजून पांढरा घालू का?" आणि उत्तर यायच्या आत वाटी भरली.

पण दोन्ही दिवसांतलं सगळ्यात सुंदर काही असेल तर गंगावेशचा दूध कट्टा. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, आणि तुमच्यासमोर धार काढून दूध पेल्यात देतात. पेला आधी पाण्याने विसळला, मग सडाखाली धरला, आणि चरचर आवाज करत फेस काठापर्यंत चढला. दूध अंगाच्या उबेइतकं गरम. धारोष्ण हा शब्द मी शाळेत लिहिला होता, तो पेला हातात आल्यावर कळला. तालमीतली पोरं दोन-दोन पेले रिचवत होती. आईने एकच घेतला, ओठांवरचा फेस पदराने पुसला आणि म्हणाली, "मावशी रोज पाठवायची मला इथे, किटली घेऊन." पोट नाजूक असेल तर कच्चं दूध टाळा, मी स्वतः अर्धाच पेला प्याले. पण बघायला जाच.

चप्पल लाईनमध्ये घाई केलीत तर फसाल. नुसता कोल्हापुरी आकार असलेला स्वस्त माल भरपूर आहे. खऱ्या चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, शिलाई चामड्याच्या वादीची, खिळा नाही. ज्या दुकानात आम्ही बसलो तिथल्या काकांनी जोड उलटा करून तळव्याची शिवण दाखवली, कान कसे बसवतात ते दाखवलं आणि मला चक्क एक नंबर लहान दिला. "आज अंगठा बोट धरंल, आठ दिवसांनी सैल हुईल. पावसात घालू नका, म्हैन्याला तेलाचा हात फिरवा." अठराशे रुपये दिले. पहिले चार दिवस चावली, आता मोज्यासारखी बसते. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुकानात विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. तुम्ही विचारा, दाखवणाऱ्याला हुरूप येतो.

उणी बाजूही सांगते. महाद्वार रोडला फुटपाथ मालाने भरलेले, काठी घेऊन चालणाऱ्याला रस्त्यावर उतरावं लागतं, आणि मागून दुचाक्या. स्वच्छ स्वच्छतागृह शोधायला दोनदा वणवण झाली. रिक्षावाले मात्र सोन्यासारखे. "गडबड न्हाई मावशी, निवांत बसा," म्हणून एकाने आई पाय आत घेईपर्यंत मागचे हॉर्न ऐकून घेतले.

रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर जायचं ठरलं होतं. वाटेत आईने रिक्षा खासबागेकडे वळवायला सांगितली. कुस्तीचं ते मैदान शाहू महाराजांनी बांधवून घेतलेलं. मध्ये खोलगट हौदा, म्हणजे कुठूनही बसा, कुस्ती दिसते. त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह, तेही महाराजांनीच उभारलेलं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकातले गायक-नट केशवरावांची जयंती होती. आम्ही गेलो तेव्हा पुन्हा उभारणीचं काम चालू होतं. मावशीच्या मांडीवर बसून आईने आयुष्यातलं पहिलं संगीत नाटक इथे पाहिलं होतं, आणि दुसऱ्या अंकात ती झोपली म्हणून मावशीने शेवटचं पद घरी जाताना रस्त्यात म्हणून दाखवलं होतं. कामाच्या पत्र्याबाहेर ती रिक्षातच बसून राहिली. मग ते पद हळूच गुणगुणायला लागली. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं.

रंकाळ्याला पोचेस्तोवर अंधार झाला होता. भेळ घेतली, कट्ट्यावर बसलो, पलीकडे शालिनी पॅलेस दिसत होता. सोमवारी सकाळी परतीची कोयना एक्सप्रेस पकडली. शाळांच्या सुट्टीआधी परत जायचंय, त्याच गल्लीत, तळमजल्यावर. खोली आईने निघतानाच सांगून ठेवली.