तीन कप्प्यांचा घरगुती कंपोस्ट डबा: दीड वर्षाच्या वापरानंतर

स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे घरच्या घरी खत करणारा, एकावर एक बसणाऱ्या तीन कप्प्यांचा डबा आम्ही गेले दीड वर्ष रोज वापरत आहोत. असे डबे अनेक उत्पादक तयार करतात आणि त्यांची रचना बरीचशी सारखीच असते, त्यामुळे हे परीक्षण एखाद्या नाममुद्रेचे नसून या रचनेचे आहे, असे समजावे. माझे मत आधीच सांगते. डबा आपले काम चोख करतो, मात्र सोबतच्या पुस्तिकेत म्हटले आहे तितक्या सहजतेने करत नाही. शिवाय घरात प्लास्टिक कोणकोणत्या वाटांनी शिरते, हे या डब्यामुळेच आम्हाला प्रथम स्वच्छ दिसले. माझ्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे, आणि पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही.

रचना साधी आहे. तिन्ही कप्पे एकाच मापाचे असून त्यांच्या बाजूंना हवा खेळण्यासाठी छिद्रे आहेत आणि छिद्रांना आतून बारीक जाळी लावलेली आहे. कप्प्यांचे तळही सच्छिद्र आहेत. सर्वांत खाली पाझरणारा रस साठवणारे भांडे आणि त्याला एक तोटी आहे. वरचा कप्पा भरला की तो खाली घ्यायचा आणि रिकामा कप्पा वर ठेवायचा. आमच्या चौघांच्या घरात एक कप्पा भरायला सुमारे महिना लागतो, म्हणजे तिसरा भरेपर्यंत पहिल्याला दोन महिन्यांची विश्रांती मिळते. उन्हाळ्यात एवढा अवधी पुरतो. थंडीत मात्र कुजण्याचा वेग मंदावतो आणि अर्धवट तयार झालेले खत काढून दुसरीकडे मुरत ठेवावे लागते. चार माणसांसाठी चौथा कप्पा हवा होता, हे माझे ठाम मत आहे.

पहिला महिना वाईट गेला. प्रत्येक थरावर सोबत दिलेल्या विरजणाच्या, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंच्या, भुकटीचा एक चमचा शिंपडावा, एवढेच पुस्तिकेत लिहिले होते आणि आम्ही ते काटेकोरपणे पाळले. नवव्या-दहाव्या दिवशी झाकण उघडताच सडलेल्या अंड्यासारखा वास आला. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि आत प्राणवायू पोहोचत नसल्याची ती खूण असते. ओल्या साली स्वतःच्याच वजनाने दबतात, त्यांच्यामधल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि हवेवर जगणाऱ्या जिवाणूंची जागा हवेविना जगणारे जिवाणू घेतात. भुकटीने हे थांबणार नव्हते, कारण कुजवणारे जिवाणू सालींवर मुळातच असतात. उणीव होती ती कार्बनची आणि हवेची. कंपोस्टसाठी कार्बन आणि नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० भागांस एक भाग असावे लागते. भाजीपाल्याच्या अवशेषांत कार्बन त्याहून कमी, वाळलेल्या पानांत त्याहून पुष्कळ जास्त आणि लाकडाच्या भुशात तर नत्राच्या काहीशे पट असतो. म्हणून ओला कचरा टाकला की निदान तेवढ्याच घनफळाचा पालापाचोळा किंवा फाडलेला पुठ्ठा टाकायचा, आणि कचरा फार पाणचट असेल त्या दिवशी त्याच्या दुप्पट, असा नेम आम्ही घातला. आठवड्यातून दोनदा लहान खुरप्याने खालवर करू लागलो. चार दिवसांत वास गेला आणि पुन्हा फक्त एकदाच आला, तोही आम्ही परगावी गेलो असताना. ओलावा तपासण्याची रीत सोपी आहे. मूठभर मिश्रण घट्ट दाबले असता एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर सुके घालावे आणि हात कोरडा राहिला तर पाणी शिंपडावे.

हे सारे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर हवे होते. पहिल्या पंधरवड्यातल्या दुर्गंधीला कंटाळून कित्येक घरांत असे डबे कोपऱ्यात पडून राहत असतील, असे मला मनापासून वाटते, आणि त्यात दोष त्या घरांचा नाही.

पुस्तिकेतील आणखी एक विधान मला बेजबाबदार वाटते. स्वयंपाकघरातील ‘सर्व प्रकारचे’ अवशेष डब्यात चालतात, असे तिच्यात म्हटले आहे. रोगजंतू मारण्यासाठी खताचा ढीग ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापून काही दिवस तसाच राहावा लागतो आणि त्यासाठी साधारण एक घनमीटर आकारमान लागते. एवढ्याशा डब्यात उष्णता टिकत नाही. मी अनेकदा तापमापक खुपसून पाहिला, पण पारा चाळिशीच्या फारसा पुढे गेला नाही. तेव्हा मांस, मासे आणि पाळीव प्राण्यांची विष्ठा या डब्यात घालू नये. खालच्या भांड्यातला रसही जपून वापरावा. आम्ही तो दहापट पाण्यात मिसळून केवळ शोभेच्या झाडांच्या मातीत ओततो, खाण्याच्या पानांवर कधीच नाही. तोटी वरचेवर तुंबते.

चिलटांबद्दल प्रत्येक जण विचारतो, म्हणून सांगते. उबदार हवेत चिलटाच्या अंड्यापासून पूर्ण वाढलेले चिलट व्हायला दहा दिवस पुरतात, त्यामुळे दोन दिवस जरी साली उघड्या राहिल्या तरी पुढच्या आठवड्यात त्याचा त्रास होतो. वरचा थर नेहमी सुक्या सामग्रीचाच ठेवणे हा एकमेव खात्रीचा उपाय आम्हाला सापडला. एकदा मधल्या कप्प्यात करड्या रंगाच्या जाड अळ्यांचा बुजबुजाट झाला आणि घरातील सर्वांनी डबा फेकून देण्याचा आग्रह धरला. त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या होत्या. ही माशी चावत नाही आणि तिच्या अळ्या कचऱ्याचा फडशा विलक्षण वेगाने पाडतात. आम्ही त्यांना राहू दिले आणि तो कप्पा इतरांपेक्षा कितीतरी लवकर रिकामा झाला.

आता मूळ मुद्द्याकडे येते. पहिले खत तयार झाले तेव्हा ते काळसर, भुसभुशीत होते आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा गंध येत होता. ते चाळताना चाळणीवर जे उरले ते पाहून आम्ही सगळेच थबकलो. फळांवर चिकटवलेले इवलेसे स्टिकर जसेच्या तसे होते, त्यांच्यावरचे आकडेही वाचता येत होते. चहाच्या पिशव्यांतील चहाची माती झाली होती, पण पिशव्यांची नाजूक जाळी शाबूत होती. भांडी घासण्याच्या हिरव्या घासणीचे तंतू होते, पुठ्ठ्याच्या खोक्यांवरची चिकटपट्टी होती आणि कागदी समजून टाकलेल्या एका पेल्याचे पारदर्शक अस्तरही होते. यांतील एकाही वस्तूला आम्ही प्लास्टिक म्हणून ओळखत नव्हतो. आमच्या धाकट्या मुलीने ते स्टिकर एका काचेच्या बरणीत जमवायला सुरुवात केली आणि ती बरणी आजही स्वयंपाकघरातल्या खिडकीत आहे. फळ धुण्याआधी स्टिकर काढून बरणीत टाकण्याची सवय घरातल्या सर्वांना त्या बरणीनेच लावली.

चहाच्या पिशव्यांची गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जाळीदार पिशव्या बहुधा नायलॉनच्या, पॉलिएस्टरच्या किंवा वनस्पतिजन्य पॉलिलॅक्टिक आम्लाच्या असतात, आणि साध्या कागदी दिसणाऱ्या अनेक पिशव्यांतही कडा उष्णतेने चिकटाव्यात म्हणून पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे तंतू मिसळलेले असतात. आम्ही पिशव्या बंद करून सुट्या चहाकडे परतलो. घासणीच्या जागी वाळलेल्या घोसाळ्याचा काथ्या आला आणि तो झिजला की थेट डब्यातच जातो.

‘कंपोस्टेबल’ असे छापलेल्या एका पिशवीचे तुकडेही आम्ही मुद्दाम टाकून पाहिले होते. पाच महिन्यांनी ते मऊ पडले होते, पण नाहीसे झाले नव्हते. याचे कारण त्या शब्दाच्या व्याख्येतच आहे. युरोपातील इएन १३४३२ हे मानक औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पांसाठी आहे आणि तिथे तापमान ५८ अंशांच्या आसपास धरलेले असते; घरगुती डब्याशी त्याचा संबंध नाही. ‘बायोडिग्रेडेबल’ या शब्दाची कथा तर याहून निराशाजनक आहे. प्लिमथ विद्यापीठातील इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन वर्षे मातीत आणि समुद्राच्या पाण्यात राहिलेली अशी पिशवी त्यानंतरही सामान वाहून नेण्याइतकी मजबूत होती. तेव्हा हे शब्द पाहून कोणतीही पिशवी या डब्यात टाकू नये.

डबा आल्यापासून दुसऱ्या कचरापेटीतही मोठा फरक पडला. पूर्वी त्या पेटीला रोज प्लास्टिकची पिशवी लावावी लागे आणि कचरा गळू नये एवढ्यासाठीच ती पिशवी असे. ओला भाग डब्यात जाऊ लागल्यावर पिशवीची गरजच उरली नाही. राहिलेला कचरा कोरडा, बिनवासाचा आणि हाताळण्यासारखा झाला. १९५० ते २०१५ या काळात जगात तयार झालेल्या ८३० कोटी टन प्लास्टिकपैकी ६३० कोटी टन कचरा झाले आणि त्यातील जेमतेम ९ टक्क्यांचे पुनर्चक्रीकरण झाले, हे मी पूर्वी वाचले होते. पण अन्नाने बरबटलेले प्लास्टिक पुनर्चक्रीकरणासाठी कोणालाच नको असते आणि ते बरबटवण्याचे काम आमच्याच पेटीत होत होते, हे तेव्हा कळले.

पहिल्यांदाच आम्ही कोरड्या पेटीतल्या वस्तू जमिनीवर पसरून पाहिल्या. बाटल्या आणि कडक डबे त्यात थोडेच होते. ढीग होता तो चकचकीत पाकिटांचा. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे पातळ थर एकमेकांना चिकटवून ही पाकिटे केलेली असतात. ते थर पुन्हा वेगळे करणे इतके कठीण आहे की ही पाकिटे बहुतेक ठिकाणी पुनर्चक्रीकरणाला घेतच नाहीत. त्रिकोणातला १ ते ७ यांपैकी एक आकडा पाहून आम्ही निश्चिंत होत असू, पण तो आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, पुढे त्याचे काय होईल ते सांगत नाही. त्या दिवसापासून खरेदीच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे ‘सुटी मिळते का’ असा रकाना आला. सगळे सुटे मिळत नाही. जे मिळत नाही ते मोठ्या मापात घेतो, कारण चार लहान पाकिटांपेक्षा एका मोठ्या पाकिटाला आवरण कमी लागते.

या उत्पादनाविषयी एक आक्षेप मला टाळता येत नाही. डबा स्वतः पॉलिप्रॉपिलीनचा आहे, आणि सोबतची विरजणाची भुकटी अगदी त्याच चकचकीत बहुथरी पाकिटात येते. डब्याचे प्लास्टिक जाड आहे, अजून कुठे तडा गेलेला नाही आणि ते दहा वर्षे टिकले तर त्याचे समर्थन करता येईल. पाकिटाचे समर्थन मात्र करता येत नाही. झाकणाची बिजागरी आठव्या महिन्यात तुटली आणि सुटा भाग मागितला असता विक्रेत्याने संपूर्ण नवे झाकण घेण्यास सुचवले. तेही मला पटले नाही. आम्ही तारेने बिजागरी बांधली आणि बाजूच्या छिद्रांची फाटलेली जाळी काढून पोलादी जाळी शिवली.

ज्यांच्याकडे मातीची जागा आहे त्यांनी हा डबा घेण्याऐवजी जमिनीत खड्डा करावा, तो याहून चांगले काम करतो. ज्यांच्याकडे केवळ सज्जा किंवा पोटमाळ्याबाहेरची चिंचोळी जागा आहे आणि सुक्या पानांचा किंवा पुठ्ठ्याचा वर्षभर पुरवठा आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा. मात्र पाने आधी साठवावीत आणि डबा नंतर आणावा. विरजणाचे पाकीट दुसऱ्यांदा विकत घेऊ नये. तयार खतातले दोन-तीन ओंजळी बाजूला ठेवून नव्या कप्प्याच्या तळाशी पसरले की तेच विरजण होते, आणि आमचे मागचे सगळे कप्पे असेच लागले आहेत.