तीन फुटी काचेची टाकी: चिठ्ठीवर १६० लिटर, प्रत्यक्ष पाणी किती?

पुण्यातील एका मत्स्यालयाच्या दुकानातून मापे देऊन बनवून घेतलेली तीन फुटी काचेची टाकी गेले काही महिने माझ्या घरी वापरात आहे. टाकीची बांधणी उत्तम आहे आणि काम करणाऱ्या कारागिराचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. मात्र बिलावर आणि मागच्या काचेवरील चिठ्ठीवर ‘१६० लिटर’ असा जो आकडा दिला आहे, त्यावर विसंबून माशांच्या औषधाची मात्रा ठरवू नये, असे मला स्पष्टपणे सांगायचे आहे.

प्रथम बांधणीविषयी. टाकी ३६ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच असून काच सर्व बाजूंनी ८ मिलिमीटर जाडीची आहे. सिलिकॉनचे सांधे एकसारख्या रुंदीचे आहेत, त्यांत हवेचे बुडबुडे दिसत नाहीत आणि काचेच्या कडा इतक्या नीट घासलेल्या आहेत की साफसफाई करताना हाताला कुठेही धार लागत नाही. पाण्याच्या दाबाने लांब काचा बाहेर फुगू नयेत म्हणून वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. दुकानाने टाकी घरी पाठवण्यापूर्वी रात्रभर पाणी भरून ठेवली होती आणि खाली घालण्यासाठी थर्माकोलची शीट न मागता दिली.

आता लिटरच्या आकड्याकडे वळू. दुकानदार लांबी, रुंदी आणि उंची इंचांत घेऊन त्यांचा गुणाकार करतात आणि येणाऱ्या घन इंचांना ६१ ने भागतात, कारण एका लिटरमध्ये सुमारे ६१ घन इंच असतात. ३६, १५ आणि १८ यांचा गुणाकार ९,७२० होतो आणि भागाकार १५९ च्या थोडा वर येतो. तोच ढोबळमानाने १६० म्हणून लिहिला जातो. गणित बरोबर आहे, पण ते काचेच्या खोक्याच्या बाहेरील मापांचे आहे. पाणी आतल्या मापांत मावते. दोन्ही बाजूंच्या काचांची जाडी वजा केली की आतली लांबी ८९.८४ सेंटिमीटर आणि रुंदी ३६.५ सेंटिमीटर उरते, तर तळाची काच वजा करून उंची ४४.९२ सेंटिमीटर होते. या तिन्ही मापांचा गुणाकार करून १,००० ने भागल्यास १४७.३ लिटर मिळतात. म्हणजे केवळ काचेच्या जाडीने १२ लिटर कमी झाले. मोजपट्टी शक्यतो टाकीच्या आत धरावी आणि मापे सेंटिमीटरमध्येच घ्यावीत, म्हणजे शेवटी एक साधा भागाकार पुरतो.

टाकी काठोकाठ कोणीच भरत नाही. वरच्या पट्ट्यांच्या खाली राहावे म्हणून पाण्याची पातळी काठापासून ५ सेंटिमीटर खाली ठेवली की १३०.९ लिटर उरतात. त्यानंतर तळाची वाळू. माझ्या टाकीत ५ सेंटिमीटर जाडीचा बारीक खडीचा थर आहे आणि त्याने सुमारे १६.४ लिटर जागा व्यापली आहे. परंतु ही सगळी जागा वजा करणे चुकीचे ठरेल, कारण खड्यांच्या फटींमध्येही पाणी असते. हे प्रमाण प्रत्येक खडीचे वेगळे असते आणि ते घरीच काढता येते. एक लिटरच्या मापात कोरडी खडी खुणेपर्यंत भरावी आणि मग त्याच खुणेपर्यंत मोजून पाणी ओतावे. माझ्या खडीत ४०० मिलिलिटर पाणी मावले, म्हणजे प्रत्यक्ष दगडाने व्यापलेली जागा ६० टक्के, अर्थात ९.८ लिटर. मोठे दगड आणि लाकूड काठोकाठ भरलेल्या बादलीत एकेक करून बुडवले आणि सांडलेले पाणी मोजले. ते सुमारे ४ लिटर भरले. अशा रीतीने हिशोब ११७ लिटरवर येऊन थांबतो.

हा हिशोब पडताळण्यासाठी मी टाकी भरताना प्रत्येक बादली टांगत्या वजनकाट्यावर तोलली आणि रिकाम्या बादलीचे वजन वजा केले. पाण्याचे एक किलो म्हणजे व्यवहारात एक लिटरच असल्यामुळे बादलीवरच्या खुणांपेक्षा ही पद्धत अधिक भरवशाची आहे. बेरीज ११८ च्या आसपास आली. ज्यांना भूमितीचा कंटाळा आहे त्यांनी थेट हाच मार्ग धरावा. टाकी कोणत्याही आकाराची असली तरी तो चालतो. गोल भांडी आणि षटकोनी टाक्या यांच्यासाठी तर मी दुसरा मार्ग सुचवणारच नाही.

१६० आणि ११७ यांतील फरक कागदावर किरकोळ वाटेल, पण चिठ्ठीवरचा आकडा धरून औषध टाकल्यास मात्रा जवळजवळ ३७ टक्क्यांनी जास्त पडते. साध्या मिठाच्या बाबतीत बहुतेक मासे एवढा फरक सोसतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावर वापरल्या जाणाऱ्या तांबेयुक्त औषधांचे तसे नाही. त्यांत उपचाराची मात्रा आणि विषारी मात्रा यांत फारसे अंतर नसते आणि कोळंबी व गोगलगायी असलेल्या टाकीत तर ती औषधे वापरूच नयेत. त्यातच काही बाटल्यांवर मात्रा गॅलनमध्ये दिलेली असते. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असल्यामुळे माझी टाकी एका मापाने ३१ गॅलनची आणि दुसऱ्या मापाने २६ गॅलनची ठरते. बाटली कोणत्या देशातून आली आहे हे पाहिल्याशिवाय झाकण उघडू नये.

पंपाच्या बाबतीत मात्र दुकानाच्या आकड्याने माझे नुकसान केले नाही. १६० लिटर पाणी तासाला पाच वेळा फिरावे या हिशोबाने त्यांनी ताशी ८०० लिटरचा पंप दिला. स्पंज भरला की कोणत्याही पंपाचा प्रवाह कमी होतो, त्यामुळे ११७ लिटरसाठी तो सढळ आणि योग्य ठरला. स्टँडचेही तसेच. काच ३० किलो, खडी आणि दगड ३५ किलोंच्या वर आणि पाणी, असा १८० किलोंहून अधिक भार त्यावर कायम असतो, आणि दुकानाने दिलेला लोखंडी स्टँड जराही डळमळत नाही.

आतली मापे एकदा हाती आली की दर आठवड्याचे कामही सोपे होते. माझ्या टाकीत पातळीचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे ३.२८ लिटर. चतुर्थांश पाणी बदलायचे असेल तर पातळी ९ सेंटिमीटर खाली येईपर्यंत पाणी काढायचे. तशी खूण मी बाजूच्या काचेवर चिकटपट्टीने करून ठेवली आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवणारे द्रावण त्या नव्या २९ लिटरपुरते मोजून आधी बादलीतच मिसळता येते.

बांधणी, घरपोच सेवा आणि गळतीची लेखी हमी यांसाठी मी या दुकानाला पूर्ण गुण देईन, मात्र चिठ्ठीसाठी एक गुण निश्चितपणे कापेन. बाहेरील आकारमान लिहायचे असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि शेजारी आतली लांबी, रुंदी, उंची व काचेची जाडी द्यावी. कारागिराकडे ही मापे असतातच. मी हे मालकांना सांगितले तेव्हा त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या बिलाच्या मागे आतली मापे स्वतःच्या हाताने लिहून दिली. या दुकानातून टाकी घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी ती मापे अवश्य मागून घ्यावीत.