"फोर्ज्ड पिस्टन आवाज करतातच" असं सांगून माझ्या इंजिनची वाट लावली

टर्बो गाडीचं इंजिन कुणाकडून बांधून घेणार असाल किंवा घेतलं असेल आणि आतून आवाज येत असेल तर हे नीट वाचा. माझं इंजिन गेलं. त्याहून जास्त राग याचा येतो की मी दर वेळी विचारत होतो आणि दर वेळी मला अर्धं खरं सांगून घरी पाठवलं.

ठरलेलं काम असं: फोर्ज्ड (म्हणजे ओतलेले नाहीत, दाबून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन, फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड, सगळी बेअरिंग नवीन, क्रँक बॅलन्स करून आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, होन करून (घासून सारखी करून). बांधणारा नावाजलेला, बोलायला गोड, फोटो पण पाठवायचा. फोटोत कोरे पिस्टन खोक्यात दिसत होते. माझ्या ब्लॉकमध्ये बसवतानाचा मात्र एकही फोटो नव्हता, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. मोजमापाचा कागद मागितला, म्हणजे क्रँकच्या जर्नलचे (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांचे) व्यास, बेअरिंगचा क्लिअरन्स (मोकळी फट), पिस्टन-बोअरमधली फट, रिंगचा गॅप, तर म्हणाला "साहेब इतकी वर्षं हेच करतोय, सगळं डोक्यात आहे". मी मान डोलावली. चूक तिथेच झाली.

पंधराशे किलोमीटरच्या आसपास टकटक सुरू झाली. त्याचं उत्तर तयार होतं, फोर्ज्ड पिस्टन आवाज करतातच. आता हे खोटं नाही. २६१८ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचे फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतात म्हणून फट जास्त ठेवावी लागते आणि थंड इंजिनमध्ये ते वाजतात. पण तो आवाज इंजिन तापलं की कमी होतो किंवा जातो. माझ्याकडे बरोबर उलटं होतं, सकाळी गाडी शांत आणि तापल्यावर खालून जाडसर ठोक, त्यातही अ‍ॅक्सिलरेटर हलका सोडला की जास्त. मी हे त्याला सांगितलंसुद्धा, तर त्याने जाड ऑइल भरून दिलं. आवाज दबला आणि मी खूश होऊन गाडी घेऊन आलो. जाड ऑइलने झिजलेल्या बेअरिंगमधली फट तेवढ्यापुरती झाकली जाते, बरं काहीच होत नाही. आणि डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या लाल दिव्यावर तर अजिबात विसंबू नका, तो बहुतेक गाड्यांत प्रेशर पार ४-७ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) आल्यावर पेटतो. साधारण हिशोब दर १००० आरपीएमला १० पीएसआयचा धरतात. मी वेगळं गेज लावलं तेव्हा तापलेल्या इंजिनवर ३००० ला जेमतेम २२ दिसत होतं.

मग निळा धूर सुरू झाला, ऑइल बघायची डिपस्टिक आपोआप वर यायला लागली. परत गेलो. त्याने माझ्यासमोर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजायची) केली, चारही सिलिंडर जवळपास सारखे, म्हणाला बघा, रिंगा एकदम ओके. टेस्टच्या आधी त्याच्या पोराने प्लगच्या भोकांतून ऑइलच्या कुपीने काहीतरी सोडलं होतं, मला वाटलं प्लग अडकू नयेत म्हणून असेल. नंतर कळलं की सिलिंडरमध्ये थोडं ऑइल घातलं की झिजलेल्या रिंगांना तात्पुरतं सील मिळतं आणि आकडा वर येतो. रिंगा खराब आहेत की व्हॉल्व्ह हे ओळखायला मेकॅनिक मुद्दाम ही ओली टेस्ट करतात, पण आधी कोरडी घेऊन, दोन्ही आकडे बघून. मला फक्त ओला आकडा दाखवला. तुमच्यासमोर टेस्ट होत असेल तर आधी काय सोडतायत ते बघाच.

शेवटी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी ऑइल फिल्टर कापला आणि घड्या उघडून उन्हात धरल्या, आत चमचम कण, काही तांबूस, चुंबकाला चिकटेनात. लोखंड असतं तर चिकटलं असतं. तांबूस कण म्हणजे बेअरिंगचा वरचा मऊ थर संपून खालचा तांब्याचा उघडा पडलाय. मग लीक-डाउन टेस्ट, तिसऱ्या सिलिंडरमध्ये हवा भरली तर ऑइल भरायच्या तोंडातून सूंऽऽ आवाज, म्हणजे रिंगांपाशी गळती. हवा सायलेन्सरमधून आली असती तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले असते तर हेड गॅस्केट किंवा तडा. तिसऱ्याच कॉइलचा कनेक्टर काढला की ठोक पण हलका व्हायचा. नुसत्या त्यावरून बेअरिंग की पिस्टन हे ठरत नाही, पण कोणता सिलिंडर ते कळतं.

इथे एक फार महत्त्वाचं. पहिल्याचा लगेच फोन आला की इंजिन माझ्याकडे आणा, वॉरंटीत फुकट उघडून देतो. दुसरा मिस्त्री म्हणाला दादा देऊ नका, इंजिन त्याने उघडलं की तुमच्या हातात काही राहणार नाही. आम्ही बोल्टांवर रंगाच्या खुणा केल्या आणि मी समोर उभं राहून, व्हिडिओ चालू ठेवून उघडून घेतलं.

आत कंपनीचे जुनेच कास्ट (ओतीव) पिस्टन. वरून घासून चकचकीत केलेले, पण खालच्या बाजूला ओतकामाच्या रेघा आणि मूळ कंपनीचा नंबर जसाच्या तसा. तिसऱ्याची रिंग बसते ती खाच तुटलेली, बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाखाली, कास्ट पिस्टन तिथेच आधी जातो. रॉड पण जुनेच. बेअरिंग तेवढी नवीन, पण स्टँडर्ड साइजची, म्हणजे न घासलेल्या क्रँकच्या मापाची, आणि क्रँक पॉलिश पेपरने हाताने घासून बारीक केलेला. मायक्रोमीटर लावला तर क्लिअरन्स ०.१२ मिलिमीटर, जिथे ०.०५ च्या आसपास हवा होता.

त्याचं म्हणणं मी बूस्ट वाढवून चालवली. ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) लॉग माझ्याकडे आहे, बूस्ट ठरल्याच्या वर एकदाही गेलेलं नाही. पिस्टनच्या नंबरचे फोटो पाठवल्यावर पिस्टन आणि रॉडचे पैसे परत आले, क्रँकवर अजून भांडण चालू आहे. आता तो जुने पिस्टन परत मागतोय, म्हणतो माझा माल आहे. मी दिलेले नाहीत आणि क्रँकचा निकाल लागेपर्यंत देणार पण नाही.