पोलीस ठाण्यातलं पहिलं टेबल: सेवा कुठे चालते, कुठे अडते

पोलिसांवरचा लोकांचा भरवसा तक्रार नोंदवून घेणाऱ्या ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी बसतो किंवा तिथेच उडतो. त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांकडून नागरिकांना मिळणाऱ्या सेवेचं हे परीक्षण तिथूनच सुरू करू.

मोबाइल हिसकावला गेला, हे रोजचं उदाहरण. टेबलावर अनेकदा पहिला सल्ला मिळतो तो ‘गहाळ’ म्हणून नोंद करण्याचा. दाखला झटपट मिळतो, नवं सिम काढायला चालतोही. पण गहाळ नोंदीवर गुन्हा दाखल होत नाही. तपासी अंमलदार नेमला जात नाही. त्या चौकात महिन्याभरात किती मोबाइल हिसकावले गेले हे ठाण्याच्या आकड्यांत उमटतच नाही, मग तिथली गस्त वाढणार कशाच्या आधारावर? सही करण्याआधी कागदावरचा शब्द वाचाच. ‘हातातून हिसकावून नेला’ असं लिहिलेलं हवं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये हा स्वतंत्र गुन्हा आहे.

फोन बंद करायला केंद्राचं सीईआयआर पोर्टल उत्तम चालतं. आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), पोलिसांकडच्या नोंदीची प्रत, ओळखपत्र आणि ओटीपीसाठी त्याच नंबरचं नवं सिम एवढं लागतं. गोची शेवटच्या गोष्टीत होते: नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, म्हणून सिम आधी काढा.

एफआयआरच्या बाबतीत कायदा नागरिकाच्या बाजूने पक्का आहे. दखलपात्र गुन्हा, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात असा गुन्हा, उघड दिसत असेल तर नोंद सक्तीची, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे कारण चालत नाही. शून्य क्रमांकाने नोंद घेऊन ती योग्य ठाण्याकडे पाठवावीच लागते, प्रतही मोफत द्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या माहितीवर मात्र तीन दिवसांत सही करायची असते. ऑनलाइन तक्रार करून फोनची वाट पाहत बसलं की इथेच घोडं अडतं.

‘आधी चौकशी करू’ हे उत्तर दर वेळी टाळाटाळच असतं असं नाही. तीन वर्षं ते सात वर्षांखालच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, पण त्याला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती घेतली आहे का, एवढं शांतपणे विचारा. सरळ नकार मिळाला तर लेखी अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मग पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना, स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती जपा. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाताना तीच कामाला येते.

एनसीबद्दल टेबलावरच नीट सांगितलं जात नाही, ही मोठी उणीव. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. हे न कळल्याने माणसं महिनोन्महिने हेलपाटे घालतात आणि पोलिसांनाच दोष देतात. दोन वाक्यांत समजावलं तर निम्मा राग तिथेच निवेल.

सर्वात कच्ची बाजू म्हणजे नंतरचं मौन. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, ते मोबाइलवर कळवलं तरी चालतं. तरीही बहुधा फिर्यादीलाच विचारत जावं लागतं. एका साध्या मेसेजने हे काम होण्यासारखं आहे.

राहिली शांतता समिती, म्हणजे तणाव टाळण्यासाठी पोलीस आणि रहिवाशांची एकत्र बैठक. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेली भिवंडी १९९२-९३ मध्ये शांत राहिली, त्यामागे सुरेश खोपडे यांनी तिथे उपायुक्त असताना उभ्या केलेल्या मोहल्ला समित्या होत्या. साधे रहिवासी आणि बीटचा (ठाण्याच्या हद्दीतल्या छोट्या गस्त-भागाचा) शिपाई एकमेकांना नावानिशी ओळखत, ही त्यांची ताकद. आज अनेक ठिकाणी बैठक होते ती गणपती-ईदच्या तोंडावर. पुढच्या खुर्च्यांवर तेच पुढारी, आणि विषय मंडप व मिरवणुकीचा. अशा बैठकीला जाणार असाल तर एकच मागणी रेटा: आपल्या बीटमध्ये गेल्या महिन्यात मोबाइल ‘गहाळ’ किती आणि ‘हिसकावले’ किती, हे दोन आकडे दर बैठकीत वाचून दाखवा.