डिह्युमिडिफायर चांगलाय, पण आधी भिंतीतला पाइप बघा

लेकीला दमा आहे म्हणून हे हवेतला ओलावा ओढून टाकीत पाणी जमा करणारं मशीन घेतलं, तीन महिने झाले. रात्री दोन-अडीचला खोकला सुरू व्हायचा, साधा ठसका नाही, छातीत घरघर, उठून बसायची, पंप द्यावा लागायचा, आणि चार दिवस बाहेरगावी गेलो की आपोआप बरी! हे आमच्या लक्षात यायलाच किती उशीर झाला. शेवटी तिच्या पलंगाशेजारचं कपाट सरकवलं तर मागची भिंत काळी-हिरवी, प्लायला पांढरी लव आलेली आणि कुबट वास असा की मलाच शिंका सुरू झाल्या.

आधी बुरशीचा स्प्रे मारला, डाग फिके पडले, आम्ही खूश. खोकला मात्र तसाच. कारण मेलेल्या बुरशीच्या कणांनीही ॲलर्जी होते, ती घासून काढावीच लागते. (ब्लीच वापरणार असाल तर अमोनियावाल्या क्लीनरमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.)

मग हे मशीन. पहिल्या दिवशी डिस्प्लेवर आर्द्रता ७८%, सकाळी टाकी काठोकाठ. पंधरा दिवस रोज तेच, टाकी ओततोय आणि आकडा काही ६५ च्या खाली येईना, म्हणून प्लंबर बोलावला तर भिंतीतला पाइप झिरपत होता. पाइप बदलला, ओला प्लाय फेकून दिला, लेकीला दुसऱ्या खोलीत झोपवून एन९५ मास्क लावून भिंत साबणाच्या पाण्याने घासली, कोरडी केली, पोपडे काढून नवीन प्लास्टर केलं. त्यानंतर मशीनने खरं काम दाखवलं, आता आकडा ४८-५० वर असतो. ६० च्या खाली हवाच, ३० ते ५० उत्तम.

खोकल्याने रात्री उठणं जवळजवळ थांबलंय. औषधं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच आहेत, ती मशीन आणलं म्हणून बंद करू नका प्लीज.

तक्रारी म्हणाल तर टाकी फारच छोटी, रात्रीत भरली की मशीन बंद पडतं, खोली थोडी गरम होते आणि आवाज फ्रिजपेक्षा जास्त. फिल्टर धुवायला विसरलात तर त्यातूनच धूळ उडते. मागे ड्रेन पाइप जोडायची सोय आहे ती पहिल्या दिवसापासून वापरा, आम्ही उगाच महिनाभर टाक्या ओतत बसलो. पाच पैकी चार स्टार.