बुडापेस्टला दोन रात्री : सिम्प्ला केर्तला जाच, बोटीचे पैसे मात्र वाचवा

व्हिएन्ना आणि प्रागच्या मधे दोन रात्री मोकळ्या होत्या म्हणून मी आणि माझी धाकटी बहीण बुडापेस्टला उतरलो. व्हिएन्नाहून ट्रेनने पावणेतीन तासांच्या आसपास लागतात, शेंगेन व्हिसा तोच चालतो, फक्त पैसे युरोत नाहीत, फोरिंटमधे. स्टेशनजवळच्या एका मशिनमधून मी घाईघाईत पैसे काढले, त्याने रुपयांत कन्व्हर्ट करू का विचारलं आणि मी हो दाबलं, नंतर रेट बघून पोटात गोळाच आला. तिथे कायम "नाही" हेच बटण दाबायचं, आणि शक्यतो बँकेचंच एटीएम शोधायचं.

आता सिम्प्ला केर्तबद्दल, कारण हा रिव्ह्यू मुळात त्याच्यासाठीच लिहितेय. इथे ज्याला रुईन बार म्हणतात, म्हणजे पडीक इमारतीत थाटलेला बार, तो प्रकार ह्या जागेमुळेच गाजला, सिम्प्ला 2002 मधे सुरू झाला आणि 2004 पासून काझिन्त्सी रस्त्यावरच्या आत्ताच्या इमारतीत आहे. बाहेरून बघितलंत तर आत जावंसंही वाटणार नाही, पोपडे आलेली भिंत, साधं दार. पण आत शिरलं की आपल्या जुन्या वाड्यासारखा चौक, वर गॅलऱ्या, आणि प्रत्येक खोली वेगळी. बाथटबची एक बाजू कापून त्यात गाद्या टाकलेल्या, चौकात वरचं छप्पर काढलेली एक ट्राबांट, म्हणजे पूर्व जर्मनीची जुनी छोटी गाडी, तिच्यात बसून लोक पितायत. भिंतीवर बोटभर जागा रिकामी नाही, जगभरच्या लोकांनी नावं लिहून ठेवलीत, बहिणीला एका खांबावर देवनागरीत "पुणे" सापडलं तेव्हा ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारचं टेबलही हसायला लागलं.

एन्ट्री फ्री होती. आम्ही सातला गेलो, तेव्हा बसायला जागा मिळते आणि फिरून सगळ्या खोल्या बघता येतात, दहानंतर मात्र मुंगीला शिरायला जागा नसते. प्यायचं असेल तर फ्र्योच घ्या, वाइनमधे सोडा, आणि किती वाइन किती सोडा ह्यावर त्याची नावं बदलतात, नाद्यफ्र्योच म्हणजे दोन भाग वाइन एक भाग सोडा. पालिंका ही फळांची दारू आहे, घसा जाळत जाते, एकच पुरे. दोघी बायका होतो, एकदाही अस्वस्थ वाटलं नाही. पुरुषमंडळींनी एवढंच लक्षात ठेवा, रस्त्यात कुणी अनोळखी मुलगी गोड बोलून दुसऱ्याच बारमधे चला म्हणाली तर जाऊ नका, बिल बघून रडायची वेळ येते.

हा सगळा भाग जुना ज्यू मोहल्ला. 1944 च्या नोव्हेंबरमधे इथेच घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती, केला होता, चहूबाजूंनी बंद. युद्धानंतर इमारती तशाच पडीक राहिल्या आणि त्यातल्याच काहींमधे हे बार आले. हे माहीत असेल तर तिथलं नाचगाणं वेगळं दिसतं, निदान मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही डॅन्यूब नदीवरच्या बोटीचं तिकीट काढलं होतं, आणि ते वाया गेलं. आत बसवलं, काचांवर वाफ, ड्रिंक कोमट, फोटो एक धड नाही. त्यापेक्षा दोन नंबरची ट्राम पकडा, पेश्टच्या, म्हणजे शहराच्या पूर्वेकडच्या, बाजूने नदीला लागूनच जाते, 24 तासांच्या पासमधेच. किंवा मेट्रोने पलीकडे बत्यानी तेर स्टेशनला उतरून काठावर उभं राहा, समोर अख्खं पार्लमेंट सोनेरी उजळलेलं, 268 मीटर लांब, आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब. त्याचा घुमट 96 मीटरचा, कारण माग्यार, म्हणजे हंगेरियन, लोक इथे 896 साली आले असं मानतात. आम्ही तासभर नुसत्या उभ्या होतो, थंडीने हात गारठले तरी.

पार्लमेंटच्या थोडं खाली काठावर लोखंडी बुटांच्या 60 जोड्या आहेत, 2005 मधे केलेलं स्मारक. ज्यूंना इथे आणून आधी बूट काढायला लावायचे आणि मग गोळ्या घालायचे, प्रेतं नदीतच. त्यात एक अगदी छोटा बूट आहे, लहान मुलाचा, त्यात कुणीतरी पिवळं फूल ठेवलं होतं. बहीण म्हणाली, ताई इथे फोटो नको काढूया, आणि आम्ही नाही काढला.

दिवसा सेचेन्यीच्या गरम पाण्याच्या बाथला गेलो, 1913 सालची पिवळी भव्य इमारत, बाहेर थंडी आणि पाण्यातून वाफा निघतायत, आजोबा लोक छातीभर पाण्यात बुद्धिबळ खेळत बसलेले. स्लीपर आणि टॉवेल घरूनच न्या. जाताना पिवळी एक नंबरची मेट्रो घ्या, 1896 ची आहे, डबे छोटे, बाथच्या दारातच उतरवते. कागदी तिकीट असेल तर पंच करायला विसरू नका, तपासनीस उभे असतात.

खायला लांगोश, म्हणजे ताटाएवढी तळलेली पुरी, वर लसूण, सावर क्रीम, चीज, शाकाहारींचं पोट भरतं. राहायला मात्र बारच्या गल्लीत जाऊ नका, आमच्या खोलीची खिडकी रस्त्यावर होती आणि पहाटे चारपर्यंत डोळ्याला डोळा नाही. ओक्तोगोन चौकाच्या आसपास राहा, सहा नंबरची ट्राम रात्रभर चालते.

रविवारी सकाळी मुद्दाम परत सिम्प्लात गेलो, कारण तेव्हा तिथे शेतकऱ्यांचा बाजार भरतो. रात्री जिथे ग्लास ठेवले होते त्याच टेबलावर एक आजी चीज, मध आणि पाप्रिकाच्या माळा मांडून बसलेल्या, भाषा एक अक्षर कळत नव्हती पण त्यांनी बहिणीच्या तळहातावर मधाचा एक थेंब ठेवला आणि खाऊन बघ म्हणून खूण केली. बाटली घेतलीच, प्रागपर्यंत मांडीवर धरून नेली.